चॉकलेटची सहल कोठें करावी?

ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनवरून जातांना मुलें चॉकलेट मागतात. परंतु तें कोकोच्या बियांचें होतें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. ठाणें-कल्याणच्या बागाईतदारांनीं कोंकण रेल्वेनें मंगळूर व पुढें पुत्तूर गांठावें, असें आम्ही सुचवितों. तेथें सुपारीच्या सावलींत कोको पिकतो. त्याच्या ओल्या बिया आंबवून वाळविल्यावांचून टिकत नाहींत. १९८० च्या सुमारास भाव कोसळून खरेदीदार फिरकेनात, तेव्हां १९७३ सालीं स्थापन झालेल्या 'कॅम्पको' या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनें खरेदी पत्करली, व १९८६ सालीं पुत्तुरास स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. मुलांस खाऊ आणावा. आपण मात्र रोप लावण्यापूर्वी गिऱ्हाईक पाहावें, न मिळाल्यास एकजुटीनें उभें करावें, हा धडा आणावा.