दवाखान्याचा नकाशा कोणी काढावा?

घर बांधायचे तर गावातला चांगला मिस्त्री आणि नकाशा काढून देणारा इंजिनिअर पुरतो. मग दवाखान्याला वेगळा माणूस कशाला, असे मला पुष्कळ जण विचारतात. पूर्वी मलाही तसेच वाटे. त्या समजुतीची किंमत काय असते, ते आधी सांगतो.

तीसएक वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी छोटे प्रसूतिगृह बांधले. नकाशा माझाच. खाली तपासणी आणि प्रसूतीची खोली, वर शस्त्रक्रियागृह. जिना तीन फुटी, मध्ये वळण. घरी असतो तसाच. एका रात्री बाळंतपणानंतर एका बाईचा रक्तस्राव थांबेना. तिला तातडीने वर न्यायचे होते आणि स्ट्रेचर वळणावर अडकले. पुढे सरकेना, मागे येईना. अखेर चौघांनी तिला चादरीत उचलून नेले. सासूबाई सलाइनची बाटली उंच धरून मागे चालत होत्या. बाई वाचली. सकाळी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, हा जिना त घराचा हाये, दवाखान्याचा नाई." मला पदवी घेऊनही जे सुचले नव्हते, ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. पुढच्याच वर्षी मी भिंत फोडून उतार बांधला. खर्च दुप्पट झाला.

घर आणि रुग्णालय यांत फरक काय?

घरात निरोगी माणसे राहतात आणि ती स्वतःच्या पायांनी चालतात. रुग्णालयात माणूस आडवा असतो. म्हणून तेथील मोजमाप माणसाच्या खांद्यांवरून नव्हे, तर खाटेवरून ठरते. दोन स्ट्रेचर समोरासमोर आले तरी निघाले पाहिजेत, यासाठी मार्ग सुमारे आठ फूट रुंद हवा. उतार एका फुटाच्या चढाला किमान बारा फूट लांब हवा. त्याहून उभा असेल तर ढकलणाऱ्याचा दम निघतो. संडासाचे दार बाहेर उघडणारे हवे. कारण आत चक्कर येऊन पडलेला रुग्ण दारालाच टेकलेला असला, तर आत उघडणारे दार उघडायचे कसे? या गोष्टी साध्या आहेत. परंतु घरे बांधणाऱ्याला त्या सुचण्याचे कारण नाही. रुग्णालयांचे नकाशे काढणारा वास्तुशिल्पकार मात्र कामाला लागण्यापूर्वी परिचारिकेचे काम समजून घेतो. ती किती पावले चालते, तिच्या जागेवरून किती खाटा दिसतात, हे तो मोजतो.

हवा हेही औषधच

क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तेथे जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मरत होते. १८५५ मध्ये गटारे साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यूंचे प्रमाण उतरले. पुढे १८५९ मध्ये त्यांनी रुग्णालयांच्या बांधणीवर पुस्तकच लिहिले. समोरासमोर खिडक्या असलेल्या लांब, उंच छताच्या वॉर्डांची पद्धत त्यानंतर जगभर पसरली.

आज आपण उलट दिशेने चाललो आहोत. यवतमाळचा उन्हाळा कडक, म्हणून खिडक्या बंद करून एसी बसवितो. पण भिंतीवरचा साधा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवितो. अशा बंद खोलीत क्षयाचा एक रुग्ण खोकला, की त्याचे जंतू सगळ्यांच्या वाट्याला येतात. ऊन अडवायचे, पण वारा अडवायचा नाही, ही कसरत खिडकीची दिशा, छज्जा आणि छताची उंची यांतून साधावी लागते.

पळू न शकणाऱ्यांची इमारत

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाला आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी १० दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले. या घटनांची चौकशी हा वेगळा विषय आहे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे, की अशा कक्षात यंत्रे रात्रंदिवस चालतात, ऑक्सिजनमुळे आग झपाट्याने भडकते आणि रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. म्हणून विजेचा भार आधीच मोजून तारा घालणे, बाहेर पडायला दुसरा मार्ग ठेवणे आणि धूर पलीकडच्या वॉर्डात जाऊ न देणारी दारे बसविणे, हे नकाशातच ठरले पाहिजे.

आपल्या मातीचा विचार

२०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचा जीव गेला. अशा रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुणे हा पहिला उपचार असतो. कारण विष कातडीतून आत जातच असते. मग आकस्मिक विभागाच्या दाराशीच नळ, निचरा आणि आडोसा असलेली जागा हवी की नको? परदेशी चित्र पाहून काढलेल्या नकाशात ती सापडणार नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दवाखाना उभारताना आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची आम्हाला भीती वाटते, नातलगांना जवळ राहता आले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. म्हणून शोधग्राम येथे झोपड्यांसारखी रचना झाली आणि नाव दिले माँ दंतेश्वरी दवाखाना. लोकांना ऐकून घेणे हाही वास्तुशास्त्राचाच भाग आहे.

वाचकांनी काय पाहावे?

तज्ज्ञाचा खर्च लहान गावातल्या डॉक्टरला परवडेल का, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर अनुभवाचे आहे. कागदावरची चूक रबराने पुसते. भिंतीतली चूक घणाने फोडावी लागते. संपूर्ण काम देणे शक्य नसेल, तर निदान तयार नकाशा एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

दान देऊन आरोग्य केंद्राला खोली बांधून देणाऱ्यांनी आणि रुग्णाला दाखल करणाऱ्या नातेवाइकांनीही पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) स्ट्रेचर दारापासून खाटेपर्यंत अडथळ्याविना जाते का?
२) बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का आणि तो कुलूपबंद किंवा सामानाने भरलेला तर नाही ना?
३) वॉर्डच्या खिडक्या उघडतात का?
४) हात धुण्याचे बेसिन खाटांजवळ आहे का?
५) संडासात धरायला दांडी आहे का?

हे प्रश्न विचारताना संकोच करू नका. मला ते कोणी वेळीच विचारले असते, तर त्या रात्री त्या बाईला चादरीतून न्यावे लागले नसते.