मिठी नदी : भूगोलाचा एक पाठ



मुंबई म्हटली की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. तेथे नदीही आहे असे सांगितल्यास निम्मा वर्ग हसेल. मुंबईत जन्मलेली माणसेसुद्धा माहीमजवळून जाताना त्या काळ्या पाण्याला नालाच म्हणतात! म्हणून पाठाचा आरंभ एका शब्दाने करावा : शीव. गावाची शीव प्रत्येक मुलास ठाऊक असते. मुंबईतील शीव हेही तसेच सीमेवरचे ठिकाण. अलीकडे मुंबई बेट, पलीकडे साष्टी, मध्ये माहीमची खाडी; आणि त्या खाडीस मिळणारी नदी ती मिठी.

हिची लांबी सुमारे १८ किलोमीटर. मुंबईस पिण्याचे पाणी मिळावे म्हणून हिच्याच खोऱ्यात बांध घालून विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. विहार व पवई हे तलाव भरून वाहू लागले म्हणजे ते पाणी साकीनाका, कुर्ला, कालिना, धारावी या वाटेने माहीमला समुद्रास मिळते. वाटेत विमानतळाजवळ नदीला काटकोनात वळविले आहे. त्याखाली पाणी सामावून घेणारी दलदल होती. तिच्यावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. मुखाशी तिवरे आहेत. त्यांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींप्रमाणे वर डोकावतात आणि गाळ धरून ठेवतात.

२६ जुलै २००५ रोजी मी गिरगावात होतो. आमच्याकडे नेहमीसारखाच पाऊस होता, त्यामुळे उपनगरांतील वार्ता प्रथम खरी वाटेना. पुढे आकडे कळले : २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर, कुलाब्यास अवघे ७३. हे दोन्ही आकडे फलकावर लिहून मुलांना क्षणभर पाहू द्यावेत. त्यातच भरती आली. खाडी चढलेली, पात्र आक्रसलेले. पाण्याने जावे कोठे? ते घरांत शिरले. मुंबईत शेकडो माणसे दगावली.

हे केवळ तोंडी सांगून मुलांस उमगत नाही. शाळेच्या अंगणात उतारावर हातभर लांबीचा चर खणावा, त्याच्या शेवटी खड्डा करावा, तो समुद्र. प्रथम खड्डा रिकामा ठेवून चरात तांब्याने पाणी सोडावे. नंतर खड्डा काठोकाठ भरून तितकेच पाणी सोडावे. तिसऱ्या वेळी चर दोन्ही बाजूंनी मातीने दाबून अरुंद करावा. पाणी सोडण्यापूर्वी ते कोठे फुटेल, तेथे मुलांनी काडी रोवावी. हे सारे एका तासात उरकत नाही, असा माझा अनुभव आहे. कार्यानुभवाचा तास जोडून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी वर्ग आपल्या गावच्या ओढ्यावर न्यावा. काठावर भराव कोठे पडला आहे, पूर्वी पाणी कोठवर पसरे, हे तेथील वृद्ध माणसांस विचारून मुलांनी वहीत नकाशा काढावा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तोच नकाशा घेऊन पुन्हा तेथे जावे.