झुडपातला ‘चक्-चक्’ कोण?

दुर्बीण, वही, पेन घ्या. ऑक्टोबर ते मार्चमधली कुठलीही सकाळ चालेल. आज ओळखायचाय ब्लाइथ्स रीड वॉर्बलर, हिवाळ्यात आपल्याकडे येणारा साधा तपकिरी वटवट्या.

१. उजाडताच घाणेरीच्या किंवा करवंदीच्या दाट जाळीपाशी जा. नावात ‘रीड’ म्हणजे पाणगवत आहे म्हणून तळंच शोधत बसू नका, तो बागेच्या कुंपणातही मजेत राहतो.

२. सूर्य पाठीशी घेऊन आठ-दहा पावलांवर बसा. उन्हाकडे तोंड केलंत तर प्रत्येक पक्षी काळाच दिसेल.

३. कान द्या. थांबून थांबून कोरडं, कडक ‘चक्... चक्’ येतंय? छान. मोठ्याने ‘टुविट-टुविट’ चाललं असेल तर तो शिंपी. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका हं, पाखराला उगाच त्रास.

४. पान कुठं हलतंय ते नुसत्या डोळ्यांनी शोधा.

५. नजर न हटवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. खाली बघितलंत की गेला!

६. पाठ बघा. एकसारखी तपकिरी हवी, रेघ-ठिपका काही नाही. हिरवी पाठ आणि पंखावर फिकट पट्टी असेल तर हा आपला नव्हे.

७. आता चेहरा, आणि इथे अजिबात घाई नको. लांब चोच, सपाट उतरतं कपाळ, आणि फिकट भुवई. ही भुवई चोचीपासून डोळ्यापर्यंत दिसते, मागे विरून जाते. डोळ्यामागेही लांब, ठळक गेली असेल तर पॅडीफील्ड वॉर्बलरचा संशय घ्या. राखाडी डोकं आणि कानापाशी गडद डाग म्हणजे लेसर व्हाइटथ्रोट. तोही असाच ‘टक्-टक्’ करतो, म्हणून नुसत्या आवाजावर नाव ठोकू नका.

८. शेपटीचं टोक बघा. गोलसर हवं. चौकोनी आणि कडेला फिकट दिसलं तर बूटेड किंवा साइक्स वॉर्बलर असू शकतो. इथे मुरलेले पक्षीनिरीक्षकही चाचपडतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

९. आकार ताडा. चिमणीहून किंचित लहान हवा. जवळजवळ बुलबुलाएवढा वाटला तर तो क्लॅमरस रीड वॉर्बलर.

१०. दिसलं ते लगेच वहीत लिहा. पुस्तक आधी उघडलंत की चित्रातलंच दिसायला लागतं.

११. आता पुस्तक उघडून ताडून बघा. भुवई, शेपटी, आवाज तिन्ही जुळले तरच नाव लिहा. एकही अडलं तर ‘वटवट्या, नक्की नाही’ एवढंच लिहून उद्या त्याच जाळीपाशी बसा. हिवाळ्यात तो आपला परिसर सहसा सोडत नाही.