नागपूरच्या मे महिन्यात चालण्याचा व्यायाम

प्रश्न : मे महिन्यात रोजचे चालणे बंद ठेवावे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बंद ठेवण्याचे कारण नाही, वेळ मात्र बदलावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाचा, व्यायाम सुचविला असून, पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या शहरातही तो सूर्योदयाच्या सुमारास अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या परिसरात पूर्ण करता येतो. विदर्भातील उन्हाळा कोरडा असल्याने घाम दिसण्याआधीच उडून जातो, आणि दमट मुंबईत भिजलेला सदरा जी सूचना देतो ती येथे मिळत नसल्यामुळे शरीरातील पाणी व क्षार किती घटले हे चालणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. उष्णतेशी जुळवून घेण्यास, म्हणजे घाम लवकर सुटून त्यातील मिठाचे प्रमाण घटण्यास, शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिलभर कूलरसमोर बसून मे महिन्यात एकदम तासभर चालणे अयोग्यच. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याने काही टळत नाही. पन्हे किंवा मीठ घातलेले ताक खरे उपयोगी. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र पाणी व मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.