चार दिवस गावी जाऊन ये

अगं, हे इतक्या हळू आवाजात विचारायची काही गरज नाही. नोकरी गेली आहे, ईएसआयकडून बेकारीचे पैसे मिळायचे आहेत, आणि अशात पोरांना घेऊन आठ-दहा दिवस गावी जाऊन आलं तर चालेल का, एवढंच ना? चालेल. बिनधास्त जा. फक्त निघायच्या आधी काय उरकायचं आणि गावी असताना काय करायचं नाही, ते माझ्याकडून नीट ऐकून घे. आपल्या शिरवण्यातून एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका आहेत. यातलं निम्मं त्यांना कुणी सांगतच नाही. ऑफिसवाले सांगत नाहीत, ठेकेदार तर मुळीच सांगत नाही.

आधी ते ‘फुकटचे पैसे’ डोक्यातून काढून टाक. तुझी जुनी पगाराची स्लिप काढ आणि कपातीचा रकाना बघ. पीएफच्या आसपास ईएसआय लिहिलेलं सापडेल. 18,000 पगार धरला, तर त्यापुढे 135 रुपये दिसतील. म्हणजे शंभरामागे पाऊण रुपया. शिवाय मालकाला तुझ्या नावाने शंभरामागे सव्वातीन रुपये, म्हणजे 585, भरावे लागतात. जुलै 2019 पासून हेच दर आहेत. महिन्याला 720 रुपये तुझ्या नावाने जात होते, तू आजारी पडलीस तरी आणि ठणठणीत असलीस तरी. त्यातूनच ही मदत येते. कुणाच्या मेहेरबानीचा इथे प्रश्न नाही.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 ला ती सुरू झाली. तेव्हा पाव पगार मिळायचा आणि त्यासाठी तीन महिने थांबावं लागायचं. 2020 मध्ये कोरोनाने कामं गेली तेव्हा नियम सैल केले. पाव पगाराचा अर्धा पगार झाला, आणि तीन महिन्यांऐवजी 30 दिवसांनी मागणी करता येऊ लागली. मालकाच्या सहीसाठी खेटे घालायची गरज उरली नाही. अर्ज थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात देता येतो. जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे मिळतात, आणि तेही आयुष्यात एकदाच. सरकार या योजनेची मुदत थोडी थोडी करून वाढवत आलं आहे. म्हणून कचेरीत गेल्यावर ‘योजना सध्या चालू आहे ना’ हे आधी विचार.

हाती किती येतात ते आत्ताच मांडून ठेव. मागच्या दोन वर्षांचा एकूण पगार घ्यायचा, त्याला 730 दिवसांनी भागायचं, आणि येईल त्याच्या निम्मे. 18,000 प्रमाणे दोन वर्षं सलग पगार झाला असेल तर दिवसाला 296 रुपयांच्या आसपास पडतात. 90 दिवसांचे साधारण 26,600. मधे खाडे झाले असतील, कंपनीने महिना-दोन महिने घरी बसवलं असेल, तर आकडा खाली येतो. एवढ्या पैशांत खोलीचं भाडं, गॅस, पोरांच्या वह्या आणि सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं बसवायचं आहे. त्यामुळे गावच्या खर्चाला या पैशांतला एक रुपयाही लावू नकोस.

मग गावी जायला पैसे कुठून? ते कंपनीकडे पडले आहेत, आणि त्यांच्याकडेच तुझं लक्ष नाहीये. कारखान्यात 20 दिवस काम केलं की एक दिवसाची भरपगारी रजा जमा होते. इतक्या वर्षांत तू ती कधी धड घेतलीस? पोरीचं स्नेहसंमेलन होतं तेव्हा सुपरवायझरने ‘डिस्पॅच आहे’ म्हणून थांबवलं. गणपतीला पाच दिवस मागितले तर दोन मिळाले. न घेतलेल्या त्या रजा शिल्लक आहेत, आणि काम सुटताना त्यांचे पैसे हिशेबात द्यावे लागतात. फायनल सेटलमेंटच्या कागदावर ‘रजेचा पगार’ अशी ओळ आहे का बघ. नसेल तर विचार, आणि तोंडी नाही, लेखी विचार. ते पैसे आले की त्यातून गावी जा. जी सुट्टी तुला तेव्हा मिळाली नाही, तीच तू आता घेते आहेस, तिच्याच पैशांनी. मग त्यात लाजण्यासारखं काय आहे, तूच सांग.

आता कागदांचं. त्यांच्यात घोळ झाला तर पुढचं सगळंच फिसकटतं, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

सर्वात मोठी मेख राजीनाम्यात आहे. काम कमी झालं की बायकांना केबिनमध्ये बोलावतात आणि गोड बोलून कोऱ्या कागदावर नाहीतर छापील राजीनाम्यावर सही घेतात. ‘सही कर, लगेच हिशेब देतो.’ सही केलीस की कागदोपत्री नोकरी तू स्वतःहून सोडलीस असं होतं, आणि स्वतःहून सोडणाऱ्याला हा भत्ता नाही. शिस्तभंगाच्या कारवाईने काढलेल्यालाही नाही, निवृत्तीचं वय झालेल्यालाही नाही. तेव्हा कामावरून कमी करताहेत तर ‘कमी केल्याचं पत्र द्या’ म्हण. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची छाटणी करायची तर महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. एका राजीनाम्याच्या सहीत यातलं किती हातचं जातं, विचार कर.

दुसरं, तुझी वर्गणी खरंच भरली गेली आहे का? पगारातून कापली म्हणजे भरली असं धरून चालू नकोस, विशेषतः ठेकेदाराकडे असशील तर. ईएसआयच्या कार्डावर दहा आकडी विमा क्रमांक आहे, त्यावरून तपासता येतं. काम सुटण्याआधीची दोन वर्षं तू विम्याखालच्या नोकरीत हवीस. वर्षाचे दोन भाग धरतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटलं त्याच्या लगेच आधीच्या भागात निदान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन भागांपैकी निदान एका भागात तेवढीच.

तिसरं, आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं आहे का, आणि ते खातं तुझ्याच नावावर आहे का, बघून घे. पैसे थेट खात्यात येतात.

हे सगळं ऐकून घाबरू नकोस. मी सांगते तो क्रम धर. काम सुटल्यावर पहिल्या आठवड्यात कंपनीकडचे कागद आणि हिशेब मिळव. मागणी 30 दिवसांनीच करायची असते, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे तसे मोकळेच आहेत. गावी जायची खरी वेळ हीच. परत आलीस की लगेच अर्ज टाक. आगाऊ पैसे मिळत नाहीत, सरलेल्या दिवसांचेच मिळतात. म्हणून अर्ज दिल्यावर पुन्हा कधी गेलीस तरी शाखेतून फोन आला तर उचलता येईल आणि एखादा कागद मागितला तर चार दिवसांत परत येऊन देता येईल, एवढं बघ.

शेजारच्या वहिनींनी तुला घातलेली भीतीही मला माहीत आहे. ‘ईएसआयचे पैसे घेताना गाव सोडता येत नाही.’ हे त्या मनाचं सांगत नाहीत, पण ते दुसऱ्या पैशांचं आहे. आजारपणाचा लाभ घेत असशील, किंवा कामावर अपघात होऊन तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असतील, तर उपचार जिथे चालू आहेत तो भाग डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. त्याला कारण आहे. ते पैसे तू बरी व्हावीस म्हणून असतात. बेकारीच्या मदतीत तू आजारी नाहीस. भत्ता कुणाला नाकारायचा त्या यादीत गावी जाणं नाही.

परदेशात मात्र हेच प्रकरण कडक असतं. जर्मनीत नोकरी गेलेल्या आपल्या मराठी मुलींना विचार. बेकारभत्ता चालू असताना गाव सोडायचं तर तिथल्या रोजगार कचेरीची आधी परवानगी काढावी लागते, आणि ती साधारण वर्षाला तीन आठवड्यांपर्यंतच मिळते. कारण तिथली कचेरी तुला काम शोधून देणार असते, आणि काम आलं की तू हजर हवीस. आपल्याकडे काम शोधून द्यायला कुणी बसलेलं नाही, ते आपल्यालाच शोधायचं आहे. म्हणून तो नियम तूच स्वतःला लावून घे. जायच्या आधी ओळखीच्या बायकांना, जुन्या सुपरवायझरला, दोन-चार ठेकेदारांना सांग की मी अमुक तारखेला परत येते आहे, काही असेल तर फोन करा. गावी घरात रेंज नसेल तर दिवसातून एकदा रेंज असेल तिथे जाऊन फोन बघ.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. भत्त्याचे दिवस चालू असताना गावी कुणी म्हणेल, ‘चल, आंब्याच्या पेट्या भरायला, रोजंदारी मिळेल.’ किंवा इथेच कुणी म्हणेल, ‘कॅशमध्ये ये, नाव लावत नाही.’ पैसे मिळणारं काम धरलंस की बेकारीची मदत थांबते. काम लागेपर्यंतच्या दिवसांचे पैसे तुझेच आहेत, ते माग. पण पुढचे दिवस लपवून मागू नकोस. खोटी माहिती देऊन ईएसआयचे पैसे उचलणं हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे. आणि शिक्षेचं बाजूला ठेव. आयुष्यात एकदाच मिळणारे 90 दिवस खोट्यात कशाला घालवायचे? काम मिळालं तर आनंदाने सांगून टाक.

आता घरातल्यांचं. ‘नोकरी गेली आणि ही चालली फिरायला’ असं कुणी ना कुणी म्हणणारच. म्हणू दे. काम सुटलं की गाव गाठायचं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतून किती कुटुंबं कोकणात, साताऱ्याकडे गेली. संपकऱ्यांना भत्ता कुठला? त्यांना गावच्या तांदळानेच तगवलं. तुझ्या हातात निदान कागदावरचा हक्क आहे.

आणि तुझं शरीर थकलंय, हे मी रोज बघते. पॅकिंगच्या लाइनवर आठ-आठ तास उभं राहून तुझ्या पायांच्या शिरा वर आल्या आहेत. नाइट करून आलीस की डोळा लागायच्या आत पोरं उठायची. हे थकणं अंगात ठेवून मुलाखतीला गेलीस तर पहिला मिळेल तो ठेकेदार धरशील, दोन हजार कमी देत असला तरी. चार रात्री झोपून आलेली बाई ‘ईएसआय, पीएफ कापणार ना? भरणार ना?’ असं तोंडावर विचारू शकते. पुढच्या नोकरीत हा प्रश्न पगाराच्याही आधी विचार.

जायचा खर्च फार नाही. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. जुईनगरहून हार्बरने पनवेल, आणि पनवेल डेपोतून गावची गाडी. गावी सगळ्यांना भेटी न्यायचा सोस मात्र या वेळी नको. आईला एक पातळ, बस्स. जत्रेसाठी, वर्गणीसाठी कुणी हात पुढे केला तर ‘या वर्षी नाही जमणार, काम सुटलंय’ असं सरळ सांग.

गावी जाऊन काम सुटल्याचं लपवू नकोस. आईला खरं सांग. रजा टाकून आलेय असं सांगितलंस तर तिथले सगळे दिवस अभिनय करण्यात जातील आणि होती तेवढीच थकून परत येशील. शिवाय खरं कळलं तर भाऊ, मामा, कुणीतरी कुठे जागा आहे का बघेल.

आणि हो, भत्ता चालू असेपर्यंत औषधोपचाराचा हक्कही राहतो. सासूबाईंचं नाव कुटुंबात लावलेलं असेल तर परत आल्यावर त्यांची तपासणी वाशीच्या कामगार हॉस्पिटलातच कर, खाजगीत पैसे घालू नकोस.

चल, आता उठ. स्लिपा, कार्ड, बँकेचं पासबुक, आधार, सगळं एका पिशवीत घाल. रजेच्या पैशांचा अर्ज आपण दोघी मिळून आज रात्रीच लिहू. तो कंपनीत दिल्याची पोच हातात आली की तू एसटीचं तिकीट काढ, आणि परतीचंही त्याच दिवशी काढून ठेव.