वाकडे अंगण आणि बॅटरीचे गवतयंत्र

पावसाळा लागला की अंगणात गवत माजते. श्रावणापर्यंत ते गुडघ्याला लागते. अशा गवतात साप, विंचू सहज लपतात. संध्याकाळी मूल चेंडू शोधायला गवतात शिरले, की घरच्या बाईचा जीव खालीवर होतो. विळ्याने गवत काढावे तर सकाळ जाते आणि कंबर धरते. मजूर लावावा तर दर पंधरा दिवसांनी मजुरी पडते.

गवत कापायची यंत्रे फार दिवसांपासून आहेत. इंग्लंडात एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. कापडावरचे तंतू कातरणारे गिरणीतले यंत्र त्याने पाहिले. तंतू कातरता येतात, तर गवत का नाही, असे त्याच्या मनात आले. 1830 साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. ते हाताने ढकलायचे. पुढे तेलावरची यंत्रे आली. आता बॅटरीवरची मिळतात. त्यांना धूर नाही, तेल नाही, मागे वायर ओढायची नाही. पण पैसा मोठा जातो. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून हिशेब करायचा. तो कसा, ते आपण पाहू.

आधी स्वतःला विचारा

दारात गाय किंवा म्हैस आहे का? असेल तर गवत हा चारा आहे. यंत्र गवताचा बारीक चुरा करते. ओला चुरा ढिगात लवकर तापतो, कुजतो. चाऱ्यासाठी विळाच बरा.

गवत गुडघाभर वाढले आहे का? चाकांचे यंत्र अशा गवतात अडकते. आधी विळ्याने गवत खाली आणायचे, मग यंत्र फिरवायचे. पुढे दर आठ-दहा दिवसांनी फिरवत राहायचे. हे होणार नसेल तर यंत्र घेऊ नका.

अंगण मोजा

अंगण चौकोनी असले तर लांबीला रुंदीने गुणले की काम झाले. वाकड्या अंगणाचे काय? त्याचे तुकडे पाडायचे. समजा, एका घराचे अंगण असे आहे:

घरापुढे 40 फूट लांब, 20 फूट रुंद. 40 × 20 = 800 चौरस फूट.
घराच्या बाजूला 30 फूट लांब, 6 फूट रुंद पट्टा. 30 × 6 = 180.
मागे त्रिकोण. पाया 20 फूट, उंची 10 फूट. 20 × 10 = 200, त्याचे निम्मे 100.

बेरीज 1080 झाली. विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावन आणि आंब्याचा पार यांचे 80 वजा करा. राहिले 1000 चौरस फूट. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तेव्हा हे अंगण गुंठ्याहून थोडे कमी आहे.

आणखी एक माप घ्या. सर्वांत अरुंद वाट कोणती? विहीर आणि भिंत यांच्यामध्ये दोनच फूट जागा असेल, तर रुंद यंत्र तिथे वळणार नाही. एक फूट पात्याचे हलके यंत्र घ्या. पायरीवरून ते उचलूनही नेता येते. रुंद पाते मोकळ्या मैदानाला शोभते.

बॅटरी किती हवी?

बॅटरीवर दोन आकडे असतात. एक व्होल्टचा, दुसरा अँपिअर-तासाचा. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की साठा कळतो. 36 व्होल्ट आणि 4 अँपिअर-तास असतील, तर 36 × 4 = 144 वॅट-तास.

यंत्र सरासरी 300 वॅट खाते असे धरू. 144 ला 300 ने भागले तर सुमारे अर्धा तास येतो. गवत दाट असले, यंत्राने 450 वॅट खाल्ले, तर 19 मिनिटांतच बॅटरी संपते.

आपल्याला वेळ किती लागेल? सरळ रेषेत चालले तर 1000 चौरस फुटांना दहा-बारा मिनिटे पुरतात. पण वाकड्या अंगणात वळणे फार. आम्ही 25 मिनिटे धरतो. म्हणजे ही बॅटरी आखूड गवताला पुरेल, दाट गवताला पुरणार नाही. तेव्हा मधे थांबून पुन्हा चार्ज करायची तयारी ठेवा, नाहीतर मोठी बॅटरी घ्या.

चार्जर घरातल्या साध्या विजेवर चालतो. शेतीच्या थ्री फेजची वाट पाहावी लागत नाही.

दुकानात काय विचाराल?

1. किमतीत बॅटरी आणि चार्जर धरले आहेत का? पुष्कळदा नुसत्या यंत्राची किंमत सांगतात.
2. बॅटरीची हमी किती वर्षांची? पावती घ्याच.
3. पाते आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळते का?
4. पात्याची उंची कमीजास्त करता येते का? एका वेळी गवताचा तिसरा हिस्साच कापावा. मुळापाशी कापले तर हरळी पिवळी पडते.

अंगणात नुसते कोपरे आणि दगडच असतील, तर चाकांचे यंत्र नको. खांद्याला अडकवायचे, नायलॉनच्या दोरीने कापणारे यंत्र बरे. आणि अंगण अर्ध्या गुंठ्याहून लहान, सपाट असेल, तर हाताने ढकलायचे बिनबॅटरीचे यंत्रही पुरते. उगीच खर्च कशाला?

जपून वापरा

आधी दगड, तारा, बाटल्या वेचून काढा. पात्याखालून उडालेला खडा डोळा फोडतो. मुलांना लांब ठेवा. चपला नको, बूट घाला. डोळ्यांना चष्मा लावा. पावसात यंत्र चालवू नका. पात्याला हात लावण्याआधी बॅटरी काढा. उतारावर आडवे चाला. विहिरीच्या काठाशी विळाच वापरा.

बॅटरी उन्हात ठेवू नका. तिच्याच चार्जरने चार्ज करा. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका, ती पेट घेते. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. ती दुकानात परत नेऊन द्या.

मंडळी, यंत्र चांगले की वाईट हे दुकानदार सांगेल. पण ते आपल्या अंगणाला बसते की नाही, हे आपली दोरी आणि आपली पाटीच सांगेल.

करून पाहा

1. आपल्या अंगणाचे तुकडे पाडून क्षेत्रफळ काढा.
2. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-तासाच्या बॅटरीत किती वॅट-तास साठा असतो?
3. चाऱ्यासाठी विळाच बरा, असे का म्हटले आहे?