मागणी नीट ऐकणें

मोशीस शेतीचें मोठें प्रदर्शन भरत आलें आहे. समजा, तेथें नांगर मांडणाऱ्या कारखानदारानें आम्हांस सांगितलें, "दोन मिनिटांचा चांगला चित्रपट करून द्या." अशा मागणीस त्या धंद्यांत 'ब्रीफ' म्हणतात. ती ऐकतांच कॅमेरा उचलणें हा उतावळेपणा होय. प्रथम विचारावें: पाहणारा कोण, शेतकरी कीं दुकानदार? पाहून त्यानें काय करावें? मुदत व पैसा किती? चित्रपट कोठें दाखविणार? प्रदर्शनाच्या गलबल्यांत गोड निवेदन ऐकूं येत नाहीं. तेथें मोठीं अक्षरें व चालता नांगर यांनींच बोललें पाहिजे. मिळालेलीं उत्तरें लिहून काढावीं, वाचून दाखवावीं व संमति घ्यावी.

१९१२ सालीं दादासाहेब फाळके यांस भांडवल हवें होतें. त्यांनीं व्याख्यान दिलें नाहीं. वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून ती पडद्यावर क्षणांत घडविली. समोरच्यास काय पटावयास हवें, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

विद्यार्थ्यांनो, प्रश्न न वाचतां लिहिणाऱ्याचीं पानें भरतात, पण गुण मिळत नाहींत. धंद्यांत तर दुसऱ्याचा पैसाही जातो. यास्तव आधीं ऐका, मग करा.